पायाच्या हाडाचा जबडा

११ नोव्हेंबर

मयुरीने आज ही डायरी आणून दिली. म्हणते, "बाबा, ऑपरेशन झालं की तुमाले बरेच दिवस बोलता येणार नाई. बोलल्याबिगर तुमचं पोट फुगते. आतापासूनच लिहाची सवय लावा." पोरगी माझीच आहे, बापाला बरोबर ओळखते.

तर आधी ओळख द्यावी लागते, पटात जोडी सुटायच्या आधी देतो तशी. मी गुणवंत. सिंदेवाहीच्या पुढे आमचं गाव. धानाची शेती, बायको रुखमा, एकच पोरगी मयुरी, ती लग्न होऊन वरोऱ्याला. अन् उरलेली जायदाद म्हणजे आवाज. आमच्या भागात शंकरपट भरला, बैलजोड्या पळायला लागल्या, की भोंग्यावर मी. कोणाची जोडी, ती हाकणारा धुरकरी कोण, किती सेकंदांत आली, सगळं मी सांगतो. घड्याळवाला मला सांगतो, मी दुनियेला सांगतो, अन् मी एकदा सांगितलं की पाटील असो की पुढारी, कोणी वाद घालत नाही. त्यामुळे मला गुणवंतराव कोणी म्हणत नाही. भोंगा म्हणतात.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात डावीकडची खालची दाढ हलायला लागली. जवळच्या दातवाल्याने काढली. खड्डा भरेना, गाल सुजला. तो भला माणूस, म्हणाला हे माझ्या हातातलं नाही, नागपूरला जा. नागपूरला मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला होता. आज त्याचा निकाल लागला.

डॉक्टरबाई मयुरीएवढीच असेल. म्हणाली, "काका, जबड्यात दात घडवणाऱ्या पेशी असतात. दात आले की त्यांचं काम संपतं. थोड्या उरतात, त्या गप्प बसतात. तुमच्या गप्प बसल्या नाहीत. वाढल्या अन् बिघडल्या. कॅन्सरच आहे हा, पण फार क्वचित होतो. मी स्वतः दुसराच बघते आहे." म्हणजे बावन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडात कोणीतरी नवे दात घडवायला बसलं होतं. खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी मला जरा ऐटच वाटली. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात मलाच. मग भीती आली, ती अजून पोटातच आहे.

मग तिने विचारलं, "खर्रा किती वर्षांपासून खाता?" मी म्हटलं, एकदाही नाही. सुपारी, तंबाखू अन् चुना पन्नीत घोटायचा अन् गालात धरायचा, हे आमच्याकडे पाळण्यातलं लेकरू सोडून सगळे करतात. मी आवाजासाठी कधी शिवलो नाही. डॉक्टरबाईने माझ्याकडे पाहिलं, मग रुखमाच्या दातांकडे पाहिलं. रुखमा खाते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर जेवण कमी अन् खर्रा जास्त. ती उठून बाहेर गेली, थुंकायला गेली असणार. ती गेल्यावर डॉक्टरबाई म्हणाली, "तसा या गाठीचा खर्र्याशी संबंध दिसत नाही. ही कशाने होते ते आम्हालाही नीट माहीत नाही." मला फार बरं वाटलं. निदान माझी इज्जत राहिली. रुखमा बऱ्याच वेळाने आली, तोंडबिंड धुऊन.

१४ नोव्हेंबर

इज्जत कसली राहते. गावात येऊन पाहतो तर सगळ्यांचा निकाल आधीच लागलेला. जो येतो तो चहा पितो अन् म्हणतो, खर्रा वाईटच. मी म्हणतो, मी खात नाही. तो म्हणतो, हो हो, आता सोडलाच असशील.

देवराव आला. हा माझा लहानपणापासूनचा दोस्त अन् आमच्या पट कमिटीचा अध्यक्ष. गालात खर्रा भरलेला, त्यामुळे मान वर करून बोलत होता. "गुणवंता, लपून खात होतास तं मले तरी सांगाचं."

"मी खातच नाई बे."

"मंग हे काय हवेतून आलं?"

दात घडवणाऱ्या पेशींचं मी त्याला पूर्ण समजावून सांगितलं. त्याने पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "डॉक्टर लोक मोठ्या माणसाले तोंडावर सांगत नाईत." रुखमा चहा ठेवून आत निघून गेली. तिला या लोकांचा वैताग आला असेल, मलाही आला आहे.

१७ नोव्हेंबर

लिहू की नको, असं सकाळपासून चाललं आहे. ही डायरी कोणी वाचत नाही, तर लिहितो.

आमच्या घरी रीत अशी की माझं जेवण झालं की रुखमा त्याच ताटात वाढून घेते. आईनेही तसंच केलं. लग्नापासून मी ताटात एक घास मुद्दाम ठेवतो, वांग्याची भाजी असली तर जरा मोठा. परवापासून ती वेगळं ताट घेते. पाण्याचा गिलासही वेगळा. आज मी विचारलं, तर उलट मलाच विचारते, "एका ताटात जेवल्यानं जाते काय जी हे, एकाचं दुसऱ्याले?"

मी म्हटलं, "नाई जात."

"तुमाले काय मालूम," म्हणाली अन् ताट घेऊन उठली.

तिला भीती वाटते, माझ्यापासून लागेल म्हणून. वाटू दे. तिचा तरी काय दोष. पण मला वाईट वाटलं, अन् ते मी इथे लिहून ठेवतो.

२१ नोव्हेंबर

नागपूर. आज डॉक्टरबाईने कागदावर चित्र काढून दाखवलं. डावीकडचा खालचा जबडा गाठीसकट कापणार. मग पायातलं बारीक हाड काढून, तासून, वाकवून तिथे बसवणार. पायात दोन हाडं असतात म्हणे, बारीक नसलं तरी माणूस चालतो. मी म्हटलं, "म्हणजे यापुढे मी पायानं जेवीन." मयुरी हसली. डॉक्टरबाई हसली. रुखमा खाली बघत होती. हल्ली ती हसतच नाही. डोकं दुखते म्हणते, हात कापतात, अन् मी काही विचारलं की खेकसते. घरात पन्नी घोटायचा आवाजही येत नाही. माझ्या लाजेखातर कुठे लपून खात असेल.

मग मी खरा प्रश्न विचारला. "भोंग्यावर बोलता येईल का?"

डॉक्टरबाई म्हणाली, "जीभ वाचवणार आहोत. बोलाल नक्की. पण खालचा ओठ एका बाजूने बधिर राहील. शब्द कितपत स्पष्ट येतील, लोकांना कितपत समजतील, ते आज सांगता येत नाही."

मरण्याचं मी विचारलंच नाही, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं. मयुरी म्हणाली ते तिने विचारून घेतलं आहे, अन् गाठ पूर्ण निघाली तर चांगलं आहे. तर माझ्यापुरता प्रश्न एकच उरला. मी बोललेलं लोकांना समजेल की नाही. माणूस मुका झाला तर त्याला निदान मुका म्हणतात. अर्धवट बोलणाऱ्याकडे लोक बघून मान हलवतात अन् काही ऐकत नाहीत. ते मला सहन व्हायचं नाही.

२४ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. दुपारी वॉर्डातल्या लोकांना कळलं की मी पटाचा निवेदक. मग काय, पलंगावर उभा राहिलो अन् एक पूर्ण शर्यत पळवली. बादशा अन् पवन एका बाजूला, बुलेट अन् बिजल्या दुसऱ्या बाजूला, झेंडी पडली, जोड्या सुटल्या. सलाईन लावलेला एक माणूस उठून बसला. समोरच्या म्हाताऱ्याने बुलेटवर पैज लावली. नर्सबाई धावत आली अन् मला खाली उतरवलं, पण निकाल सांगेपर्यंत थांबली.

रुखमा दारात उभी राहून ऐकत होती. एरवी पटात मी बोलायला लागलो की ही बायकांमध्ये बसून कौतुक ऐकून घेते. आज डोळे पुसत होती. मी म्हटलं, "अवं, उद्या फक्त जबडा जाणार आहे." तर तोंडाला पदर लावून निघून गेली.

३ डिसेंबर

आहे.

गळ्यात नळी, नाकात नळी, पायाला पट्टी. आरशात पाहिलं नाही. बाकी मग.

९ डिसेंबर

आज बसून लिहितो. तोंडाचा सुजून भोपळा झाला आहे. बोलणं बंद, पाटीवर लिहून दाखवतो, तर रुखमाला चष्म्याशिवाय दिसत नाही अन् चष्मा घरी राहिला. आमचा संसार सध्या मयुरीच्या मध्यस्थीवर चालला आहे.

नाकातल्या नळीतून पेज अन् वरणाचं पाणी देतात. ते काम रुखमाने स्वतःकडे घेतलं आहे. पण आधी साबणाने हात धुते, मग परत धुते, मग नर्सबाईकडून मागून घेतलेले रबरी हातमोजे घालते. शेजारच्या पलंगावरच्याची बायको उघड्या हाताने सगळं करते. मी पाटीवर लिहिलं, "मी महारोगी आहे काय?" मयुरीने वाचून दाखवलंच नाही. म्हणाली, "बाबा, चूप बसा." चूप तर बसलोच आहे.

रात्रंदिवस माझ्या उशाशी बसते, पण मोजे घालून. हिशेब लागत नाही या बाईचा.

१५ डिसेंबर

गळ्यातली नळी निघाली. डॉक्टरबाई म्हणाली, काही तरी बोला. सगळे उभे, मयुरीने मोबाइल धरलेला. मी ठरवून ठेवलं होतं, "राम राम मंडळी" म्हणायचं. काय निघालं ते मलाच कळलं नाही. लाळ मात्र निघाली. मयुरी म्हणाली, "छान बाबा." तिला खोटं बोलता येत नाही, आईवर गेली आहे.

प, ब, भ, म. हे चार शत्रू. ओठ मिटतच नाही तर निघतील कुठून. बादशा, पवन, बुलेट, बिजल्या, सगळे बैल नेमके त्यातलेच. लोकांनी बैलांची नावं ठेवताना माझा जराही विचार केलेला नाही.

निकालही आला. कापलेल्या कडा स्वच्छ, मानेतल्या गाठी स्वच्छ. किरणं द्यायची गरज नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं, छातीचा फोटोही काढायचा, कारण ही गाठ लबाड आहे, छातीत जाऊन बसू शकते. मयुरी रडली. रुखमाने डॉक्टरबाईला हात जोडले अन् विचारलं, "आता घरी स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला तं चालते ना?" डॉक्टरबाई गोंधळली, चालेल म्हणाली. मी बरा झालो त्या दिवशी हिला चुलीची सुट्टी सुचली.

२८ डिसेंबर

घर. चार पायांच्या लोखंडी काठीवर अंगणात चालतो. भावजय जेवण पाठवते, रुखमा नुसतं वाढते. भावजयीचं वरण पातळ अन् त्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालते मुठीने, पण बोलायची सोय नाही.

नागपूरच्या दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक बाई आहे, तिने व्यायाम दिले आहेत. आरसा धरायचा, बधिर ओठाला खालून बोटाने आधार द्यायचा अन् पा, पी, पू म्हणायचं. अंगणात बसून म्हणतो. कोंबड्या आधी लांब जायच्या, आता येऊन बसतात. आज कुंपणापलीकडून कोणीतरी विचारलं, "कोण आजारी आहे?" मी म्हटलं, मी. त्याला समजलं नाही.

९ जानेवारी

आमच्या गावचा पट सहा अन् सात फेब्रुवारीला. कमिटीने भोंग्यावर मिथुनला ठेवलं. चांगला पोरगा आहे, डीजे चालवतो. आज शाळेच्या मैदानावर त्याची चाचणी घेतली, मला घरी ऐकू आली. आवाज खणखणीत. पण जोडी सुटायच्या आधीच ओरडून घेतो, जोडी येते तेव्हा दम संपलेला. मी आतून चरफडलो. नंतर विचार केला, सुरुवातीला मीही असाच होतो काय? नव्हतो.

१८ जानेवारी

देवराव आला. गालात खर्रा. "गुणवंता, पटाच्या उद्घाटनाले आपून तंबाखूमुक्तीची शपथ ठेवली आहे. मोठे साहेब येऊन राह्यले. तू फक्त दोन मिनिटं भोंगा घे. तोंड दाखवाचं अन् म्हणाचं, खर्र्यानं माहा जबडा खाल्ला. बस."

मी पाटीवर लिहिलं, "खाल्लाच नाही तर कसं म्हणू?"

"अबे, तुले मालूम, मले मालूम. पोट्ट्याईले काय मालूम? दहा पोट्टे सोडतीन तं पुण्य तुलेच."

मी त्याच्या गालाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "मी त्या दिवशी सोडून राह्यलो."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते लिहितो. पुण्याचं काही नाही. दोन मिनिटं भोंगा मिळतो आहे. एक वाक्य धड आलं, चार गावांच्या लोकांना समजलं, तर पुढच्या वर्षी मिथुनच्या जागी मी उभा राहू शकतो. नाही समजलं तर कायमचा घरी. अन् खोटं तर खोटं, त्याने कोणाचं वाईट होणार आहे?

१ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी अंगणात आरसा घेऊन बसलो होतो. पंधरा दिवस एकच वाक्य घोटतो आहे. खर्र्यानं माहा जबडा खाल्ला. "माहा"त जीव जायचा अन् "जबडा" लाळेत बुडायचा. आज एकदम आलं. मोठ्याने, स्वच्छ, जुन्या आवाजात. मला इतका आनंद झाला की वळून रुखमाकडे पाहिलं. ती तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"शेवटी तुमीबी म्हटलंच."

मी म्हटलं, भाषण आहे, देवरावचं.

"भाषण कशाले म्हणता? खरंच आहे. तुमी तं कधी तोंडात नाई टाकला. मंग तुमच्या तोंडात आला कुठून? मीच घोटत होतो. त्याच हातानं कणीक मळली, त्याच हातानं भात कालवून देल्ला. माह्या गिलासातलं पाणी प्याले तुमी. माह्यापासूनच गेला तुमाले." हे सगळं ती अगदी शांतपणे बोलली, इतक्या दिवसांत पाठ झाल्यासारखं. "डॉक्टरबाईनं पहिल्याच दिवशी ओळखलं. माह्या दाताकडे पाहून विचारलं तिनं."

म्हणजे त्या दिवशी ती नुसती थुंकायला उठली नव्हती. म्हणजे ते वेगळं ताट, तो गिलास, ते मोजे, ती भावजयीची भाजी. मी अडीच महिने समजत होतो की हिला माझी किळस येते. ही तर मला स्वतःपासून वाचवत होती. माझ्यासारखा गाढव साऱ्या झाडीपट्टीत शोधून सापडायचा नाही.

मी सांगायला लागलो, तर घाईत सगळे शब्द एकमेकांत अडकले. पाटी आणली, चष्मा शोधून तिच्या नाकावर ठेवला, लिहून दाखवलं, या गाठीचा खर्र्याशी संबंध नाही असं डॉक्टरबाई म्हणाली. तिने वाचलं अन् चष्मा काढला. "मले बरं वाटावं म्हणून लिहिता. दवाखान्यात भिताडीभिताडीवर खर्र्याचेच फोटो होते." मयुरीला फोन लावला. मयुरीने समजावलं. "तू बापाचीच बाजू घेशीन," म्हणाली अन् फोन माझ्या हातात दिला.

३ फेब्रुवारी

ऐकत नाही. मी बोलतो, ती मान हलवते. ज्या मान हलवण्याची मला भीती होती, ती घरातच सुरू झाली.

देवराव तयारी पाहायला आला, मी वाक्य म्हणून दाखवलं. एकदम खूश. "एक नंबर. पुढच्या साली भोंगा तुहाच, मी कमिटीत बोलतो." रुखमाचं मी त्याला सांगितलं नाही.

काय करावं ते समजत नाही. खरं सांगितलं तर शपथेचा बट्ट्याबोळ अन् भोंगा जाईल. खोटं सांगितलं तर रुखमा ते मरेपर्यंत उरावर घेऊन राहील, अन् तेही माझ्याच तोंडून, भोंग्यावर, चार गावांसमोर. अन् आणखी एक आहे, ते लिहायची लाज वाटते. तिचा दोष नाही हे तिला पटलं तर ती उद्यापासून बिनधास्त खर्रा घोटायला बसेल. तिला मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?

६ फेब्रुवारी

पटाचा पहिला दिवस.

सकाळी काठी टेकत मांडवात गेलो. रुखमाला यायचं नव्हतं, भावजयीला सांगून आणवलं. ती बायकांमध्ये अगदी मागे बसली. जोड्या सजून उभ्या, बैलांच्या अंगावर झुली, धुरकरी अंग मोकळं करत होते. साहेब बोलले, मग देवराव बोलला. "आपला भोंगा, आपला गुणवंता. याले काय झालं ते याच्याच तोंडून ऐका." मिथुनने माइक माझ्या हातात दिला अन् पाया पडला. त्याचं मला बरं वाटलं.

मी ओठाला बोट लावलं. समोर कोणीतरी लेकराला चूप म्हणत होतं. मी म्हटलं, "राम राम मंडळी." आलं. माझ्याच कानाला भोंग्यातून परत आलं. मग मी हळूहळू, एकेक शब्द सुटा करत बोललो.

"माझ्या जबड्यात दाताच्या मुळातली गाठ होती. खर्रा मी कधी खाल्ला नाई. ही गाठ खर्र्यानं होत नाई. दुसऱ्याच्या खर्र्यानंबी होत नाई. माझी बायको रुखमाबाई तिथं मागं बसली आहे. तिच्या हातानं मले काही झालं नाई. तिच्या हातानं मी जगलो. हा निकाल आहे. पटाचा निकाल मी कधी खोटा सांगितला नाई, हाबी खोटा नाई."

मग जोड्यांच्या बाजूने एकाने विचारलं, "मंग आमी खाऊ काय जी?" अन् सगळं मैदान हसलं. देवरावने माझ्या हातातून माइक ओढला. शपथ झाली, पण अर्धे लोक हसत हात वर करत होते अन् साहेब घड्याळ बघत होते. देवराव माझ्या कानात म्हणाला, "सत्यानाश केला गुणवंता. उद्या मांडवात दिसू नको." मिथुनने पहिली जोडी पुकारली. मी काठी घेऊन घरी आलो. पट सुरू असताना घरी येण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

दुपारी रुखमा आली. उंबऱ्यावर बसली. "खरंच ना जी?"

"भोंग्यावर खोटं बोललो काय कधी?"

ती रडली. मोठ्याने, गळा काढून, शेजारी ऐकू जाईल असं. दवाखान्यात डोळे पुसायची, पण असं एकदाही रडली नव्हती. मीही रडलो, माझं निम्म्या ओठाने. मग तिने नाक पुसलं अन् म्हणाली, "मंग त्या पहिल्या दिवशी दवाखान्याच्या नळावर खर्रा थुंकला तो शेवटचा. तवापासून तोंडात नाई टाकला. डोकं फुटाची पाळी आली. म्हणजे म्या सोडला तो फुकटच?"

लपून खाते म्हणून मी लिहून ठेवलं होतं. सगळंच चुकीचं लिहून ठेवलं आहे मी या डायरीत.

मला याचीच भीती होती. म्हटलं आता बोललो नाही तर माझ्या आवाजाचा उपयोग तरी काय. बोटही लावायचं विसरलो. म्हटलं, "रुखमा, माझा जबडा कशानं गेला ते डॉक्टरलेबी माहीत नाई. तुझा गेला तं कशानं जाईन ते साऱ्या गावाले माहीत आहे. माझ्या पायाचं एक हाड संपलं. दुसरं तुह्यासाठी काढा म्हणीन मी, पण तुले तसं नळीनं पेज पाजाची हिंमत माझ्यात नाई. नको खाऊ."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं समजलं नाही, परत सांगावं लागेल. मी पाटी शोधायला लागलो.

"पाटी राहू द्या. समजलं," ती म्हणाली. मग जरा चिडून म्हणाली, "हे भोंग्यावर काऊन नाई म्हटलं? खरं ते खरंबी झालं असतं अन् देवरावभाऊचं कामबी झालं असतं."

तीन दिवस डोकं खाजवलं तर मला हे सुचलं नव्हतं.

उद्या पटाचा दुसरा दिवस. देवराव रागात आहे, दिसू नको म्हणाला आहे. तरी सकाळी जाऊन त्याच्याकडे आणखी दोन मिनिटं मागायची असं आमचं ठरलं. रुखमा सोबत मांडवात येते म्हणाली, बायकांमध्ये बसणार नाही. म्हणे, तुमी अडकले तं पुढचं मी बोलतो.